सावलीत दहा दिवस

दारव्ह्याच्या बंद पडलेल्या छोट्या रुळाकाठून
मी नागफणीचा एक फडा तोडून आणला,
वर्तमानपत्राच्या चार घड्यांत धरून,
कुणाला दिसू नये असा.
जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर
काटे घरी नेतोय, हे काही बरं दिसत नाही.

का आणला, ते विचारू नका.
क्वार्टरच्या मागे काही जगत नव्हतं.
तुळस गेली, मोगरा गेला,
मिरचीची चार रोपं मास्तरांच्या बकरीनं नेली.
हिरवा म्हणून एक दाराचा रंग होता,
तोही सरकारी.

तर मी जे करायचं ते सगळं केलं.
नाल्यापलीकडची काळी माती आणली,
लोण्यासारखी, जिचा आमच्याकडे सगळ्यांना गर्व.
तेलाच्या डब्यात भरली,
ताजा फडा ताज्या घावासकट खोवला
आणि पाणी घातलं. सकाळी. संध्याकाळी.
वैशाखात तर रात्री उठूनही,
मलाच तहान लागायची म्हणून.

अकराव्या दिवशी बोट लावलं तर
फडा कलंडला
आणि बुडातून नासलेल्या काकडीचा वास आला.

पंचफुला उईके तेव्हा शेळी घेऊन आलेली,
शिंगाच्या मुळाशी अळ्या पडलेली शेळी.
तिनं डब्यात वाकून पाहिलं.
"काहून गा डागदर,"
(मी डॉक्टर नाही, पण ती ऐकत नाही)
"बैलाच्या खांद्याले सांगतं, वाळू दे, जू ठेवू नोको,
अन् याचा घाव ओलाच गाडला?"

तेवीस वर्षं मी जखमा धुतोय.
मोडलेलं शिंग, विळा लागलेली मांडी,
तारेत फाटलेली कास.
शेळीच्या शिंगात टर्पेंटाइनचा बोळा भरताना
मी मान वर केली नाही.

दुसरा फडा तिनंच आणून टाकला,
विळ्याच्या टोकाला टोचून.
तो मी कपाटावर ठेवला, सावलीत,
लाळ्याखुरकताच्या रजिस्टरांवर.
दहा दिवस काहीही करायचं नाही,
हे करणं मला फार जड गेलं.
घाव आधी पांढुरका झाला,
मग टाचेच्या कातडीसारखा.
फडा सुरकुतला.
मी दोनदा तांब्या उचलला, दोनदा खाली ठेवला.

मग मुरूम, नाल्याची जाड वाळू,
माती नावापुरती.
डब्याच्या बुडाला खिळ्यानं सात भोकं.
फडा नुसता टेकवला, दोन दगडांच्या आधारानं.
आणि पाणी?
"थो मांगन तवा," पंचफुला म्हणाली.
मागतो कसा, ते सांगितलं नाही.

पोळ्याच्या आठवड्यात कडेला दोन फुगवट्या दिसल्या,
तांबूस, उंदराच्या कानाएवढ्या.
"बोंडं हायेत," शिपाई शालिक म्हणाला.
जगातल्या सगळ्याचा अंदाज तो कपाशीवरून बांधतो.
आठ दिवस कळेना.
मग त्या चपट्या होत गेल्या,
आणि त्यांच्यावर पानं होती.
कोवळ्या फड्याला पानं असतात,
हे मला पन्नाशीत कळलं.
तांदळाएवढी, मऊ, टोकदार.
काटे आले तशी गळून गेली.

यंदा डबा पुरेनासा झालाय.
परवा पंचफुला आली, शेळीशिवाय.
तिला परसाच्या कोपऱ्यात एक हवा होता.
मी चिमट्यात धरून, दवाखान्याच्या पात्यानं
बरोबर सांध्यावर कापला.
"दहा दिवस सावलीत," मी म्हणालो.
"मलेच शिकवतं?"
आणि फडा खताच्या पिशवीत टाकून गेली.

मागे झाडावर एक ओला घाव राहिला,
बोराएवढा.
माझा हात मलमाच्या बरणीकडे गेला.
झाकणही उघडलं होतं.

परत लावलं.

अंगठ्यात एक कुसळ राहून गेलंय.
भिंगाखालीही दिसत नाही.
मस्टरवर सही करताना
नावाच्या दुसऱ्या अक्षरापाशी सलतं.